पाणी दिलेलं पोलाद कापताना
(प्रस्तावना)

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे निघालेला रस्ता बांबवडे आणि मलकापूर मागे टाकतो आणि आंबा घाटाची चाहूल लागते. पावसाळ्यात या पट्ट्यात खड्डा आणि डबकं वेगळं ओळखता येत नाही. हंगामात उसाने भरलेल्या जोडट्रॉल्या, एरवी वडापच्या जीपगाड्या, कोकणात माल नेणारे ट्रक, सगळ्यांचा भार शेवटी स्प्रिंगचे पाटे, हब आणि बेअरिंगांवर येतो. म्हणून शाहूवाडी तालुक्यातल्या रस्त्याकडेच्या गॅरेजात सर्वांत जास्त कामं दोनच प्रकारची निघतात : तुटलेलं काढायचं आणि जाम झालेलं सोडवायचं. यू-बोल्ट गंजून बसलेला असतो, शॅकल पिन बुशात रुतलेली असते, बेअरिंगची आतली रेस, म्हणजे कडी, एक्सलला घट्ट धरून बसलेली असते. पान्हा चालत नाही, पुलर सुटतो, हेक्सा ब्लेडचे दात दोन ओढीत गुळगुळीत होतात. मग मिस्त्री ग्राइंडर उचलतो. त्यानंतरची पाच-दहा मिनिटं हा या पुस्तकाचा विषय.

एवढ्याशा कामावर पुस्तक कशाला, असं विचारणारे भेटतात. ग्राइंडर लावला की लोखंड कापलं जातं, त्यात शिकायचं काय? माझं उत्तर असं की कापलं जाणं हा या कामातला सोपा भाग आहे. कडक पोलाद कापायला ताकद लागत नाही. लागते ती उष्णतेवर नजर. चकती कुठल्याही पोलादातून जाते, पण जाताना ती त्या पोलादाचं काय करून ठेवते, हे ज्याला कळतं तो कारागीर.

आधी कडकपणाची गोष्ट. साध्या लोखंडी पट्टीत कार्बन थोडा असतो, ती करवतीला वाकून वाट देते. बेअरिंगच्या पोलादात सुमारे एक टक्का कार्बन असतो, पाट्याच्या पोलादात अर्ध्या टक्क्याच्या आसपास. असं पोलाद आठशे अंशांच्या वर तापवून एकदम थंड केलं की त्यातला कार्बन जागच्या जागी अडकतो आणि पोलाद कडक होतं. लोहार याला पाणी देणं म्हणतो, मग ते पाण्यात बुडवलेलं असो वा तेलात. नुसतं पाणी दिलेलं पोलाद काचेसारखं फुटतं, म्हणून ते पुन्हा थोडं तापवून त्याचा ताठा कमी करतात. किती तापवायचं यावर सगळं ठरतं. बेअरिंगची रेस साधारण दीडशे ते दोनशे अंशांवर थांबवतात, त्यामुळे कडकपणाच्या रॉकवेल सी मापावर ती साठच्या आसपास राहते. पाटा चारशेच्या वर नेतात, कारण त्याला वाकून परत यायचं असतं. तो चाळीस ते अठ्ठेचाळीसच्या दरम्यान येतो. चांगल्या हेक्सा ब्लेडचे दात बासष्ट ते पासष्टचे. म्हणजे रेसवर ब्लेड चालवणं ही जवळजवळ बरोबरीच्या पैलवानांची कुस्ती, आणि त्यात दात हरतात.

अपघर्षक कण या कुस्तीत उतरतच नाहीत. साध्या कटिंग चकतीतला अॅल्युमिनियम ऑक्साइडचा कण कुठल्याही पाणी दिलेल्या पोलादापेक्षा कितीतरी कठीण असतो. चकती दर सेकंदाला असे हजारो कण पोलादावरून ओढते. प्रत्येक कण एक बारीक छिलका काढतो, छिलका हवेत पेटतो, आणि आपण त्याला ठिणगी म्हणतो. ठिणगीबरोबर थोडी उष्णता निघून जाते. उरलेली पोलादात शिरते.

या कामाचा इतिहास आपल्याकडे कारखान्यांच्या आधीपासून आहे. तलवारी, कट्यारी, भाले यांना धार लावणारे शिकलगार कुरुंदाची पूड लाखेत कालवून तिची साण बनवत आणि ती दोरीने फिरवत. कुरुंद म्हणजे निसर्गात सापडणारं अॅल्युमिनियम ऑक्साइडच. आज मलकापूरच्या हार्डवेअर दुकानात मिळणाऱ्या चकतीत तोच पदार्थ आहे, फक्त तो भट्टीत बनवलेला आहे आणि लाखेच्या जागी रेझिन आहे. कोल्हापूर-सांगली भागात शिकलगार आडनावाची घरं अजून भरपूर आहेत. त्यांच्या पूर्वजांच्या हातात या विषयाचं मूळ होतं, हे आपल्या आयटीआयच्या वर्गात कुणी सांगत नाही. सांगायला हवं.

पुढचा टप्पा झपाट्याने आला. १८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड अॅचेसनने विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड बनवलं. काही वर्षांतच बॉक्साइट वितळवून कृत्रिम कुरुंदही होऊ लागला. (बॉक्साइटसाठी शाहूवाडीच्या डोंगरांतही खाणी झाल्या, ही वाचकाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे.) १९०९ मध्ये बेकलंडने बेकेलाइट जाहीर केलं आणि कण एकत्र धरणाऱ्या रेझिनची वाट मोकळी झाली. चकतीत काचधाग्याची जाळी आल्यावर हातात धरून कापणं खऱ्या अर्थाने शक्य झालं, कारण जाळी नसलेली पातळ चकती जरा वाकडी झाली की तिचे तुकडे उडतात. जर्मनीतल्या श्टाइनहाइमच्या आकरमान आणि श्मिट या कंपनीने १९५४ मध्ये फ्लेक्स नावाने कोनी ग्राइंडर आणला. जर्मन कामगार आजही कुठल्याही ग्राइंडरला फ्लेक्स म्हणतो. भारतात त्याआधीच, १९४१ मध्ये, उरणजवळ मोरा इथे ग्राइंडवेलने अपघर्षक चाकांचा कारखाना काढला होता. १९५४ मध्ये मद्रासला कार्बोरंडम युनिव्हर्सल उभी राहिली.

छोट्या यंत्राची वंशावळ वेगळी. ती दातांच्या दवाखान्यातून येते. १८७१ मध्ये जेम्स मॉरिसनने पायाने चालवायचं दंतयंत्र काढलं. चिमटीत धरलेला, लवचीक सांध्याने फिरणारा बारीक दांडा ही कल्पना तिथे पक्की झाली. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या रसीन गावी आल्बर्ट ड्रेमेलने मोटरच हातात दिली. आज आपल्याकडे ड्रेमेल किंवा रोटरी टूल म्हणून विकलं जाणारं यंत्र त्याच घराण्यातलं. कोल्हापूरच्या गुजरीत आणि हुपरीच्या चांदीच्या कामात टांगलेल्या मोटरीला लवचीक शाफ्ट जोडून काम करणारे कारागीर या यंत्राचे जुने जाणकार. फरक इतकाच की त्यांच्यासमोर मऊ धातू असतो.

कोल्हापूरच्या उद्योगाची कथा इथे ओघाने येते. बाबूराव पेंटरांच्या मंडळींनी चित्रपटाचा कॅमेरा कोल्हापुरात, कानशीच्या आणि छोट्या लेथच्या जोरावर बनवला. या शहरात यंत्र उघडून पाहून तसंच दुसरं करण्याची हिंमत तेव्हापासून आहे. पुढे ऑइल इंजिनं आली, ओतकाम आलं, उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथे फाउंड्र्यांच्या रांगा लागल्या. या फाउंड्र्यांचा फेटलिंग विभाग म्हणजे हातग्राइंडरची आपल्या जिल्ह्यातली सर्वांत मोठी शाळा. शाहूवाडीतली कितीतरी पोरं दहावी-बारावीनंतर तिथे जातात, ओतीव मालाच्या कडा आणि रायझरचे उंचवटे दिवसभर घासतात, आणि काही वर्षांनी गावाकडे येऊन गॅरेज टाकतात. ओतीव लोखंडाची पातळ कडा साच्यात पटकन थंड झाली की तिथे पांढरं, अतिकडक लोखंड तयार होतं. फेटलिंगवाला त्याला चिल म्हणतो आणि हाताला लागताच ओळखतो. कडकपणा हाताने ओळखण्याची ही विद्या तो घेऊन परततो. दुर्दैवाने तिथली एक सवयही घेऊन येतो, ती म्हणजे अंगाचा भार टाकून घासण्याची. ओतीव तुकड्याला ती चालते. पाणी दिलेल्या भागाला नाही.

या विषयात मला चार परंपरा दिसतात. फेटलिंगची एक, सोन्याचांदीच्या आणि डायच्या बारीक कामाची दुसरी. डायवाले साठ रॉकवेलच्या पोलादात टंगस्टन कार्बाइडचा बर (छोटी फिरती कानस) चालवतात, आणि त्यांचा संयम इतरांनी उसना घ्यावा असा आहे. तिसरी लोहाराची, चौथी गॅरेजची. शेवटच्या दोनांवर या पुस्तकाचा मुख्य भर आहे.

लोहार कडक पोलाद कापत नसे. तो ते आधी मऊ करी. ट्रकचा जुना पाटा भट्टीत लाल करायचा, ऐरणीवर छिन्नी धरायची, समोरून घणाचा घाव पडायचा. घिसाडी कुटुंबांत घण बहुधा बाईच्या हातात असे. मग तुकडा ओढून, ठोकून कोयता किंवा कुऱ्हाड घडवायची, पुन्हा तापवून काळ्या तेलात बुडवायची आणि धारेवर चढणारा रंग बघत ताठा उतरवायचा. पाट्याचं पोलाद नुसत्या पाण्यात बुडवलं तर तडकू शकतं, हे त्याला पुस्तकाशिवाय माहीत होतं. ऊसतोडीच्या हंगामात लागणारे कोयते आजही मोठ्या प्रमाणात अशाच जुन्या पाट्यांतून निघतात. बदल इतकाच की भात्याच्या जागी विजेचा ब्लोअर आला आणि तुकडे पाडायला ग्राइंडर आला. पाटा थंडच कापायचा, कोळसा वाचवायचा. यात चूक काही नाही. कोयत्याला नंतर पुन्हा पाणी द्यायचंच असतं, त्यामुळे कापताना कडेला बसलेला चटका भट्टीत पुसला जातो.

गॅरेजमध्ये तो पुसला जात नाही. तिथे कापलेला किंवा कापलेल्याच्या शेजारचा भाग तसाच गाडीत परत जातो. एक काम जवळून पाहू. ट्रॉलीच्या हबमधलं कोनिकल बेअरिंग फुटलं आहे. रोलर आणि पिंजरा निघाले, आतली रेस स्टब एक्सलवर बसून राहिली. चांगला मिस्त्री आधी एक्सलच्या आट्यांवर आणि सीलच्या जागेवर ओलं फडकं गुंडाळतो. एक मिलिमीटरची नवी चकती लावतो. रेसच्या रुंदीभर, एक्सलच्या लांबीच्या दिशेने, एकच चर पाडायला घेतो. दाबत नाही. चकती पुढे-मागे हलती ठेवतो, चार-पाच सेकंद कापतो, थांबतो, पुन्हा कापतो. चर खोल जाईल तशी त्याची नजर ठिणग्यांवरून चराच्या तळावर येते. तळाशी अर्धा मिलिमीटर पोलाद उरलं की तो ग्राइंडर बाजूला ठेवतो. चष्मा मात्र डोळ्यांवरच राहतो. चरात छिन्नी, छिन्नीवर एक नेमका घाव. टक् असा कोरडा आवाज येतो, रेस चराच्या रेषेत तडकते आणि हाताने निघते. जो कडकपणा करवतीला दाद देत नव्हता, तोच इथे कामी आला, कारण कडक ते ठिसूळ. आणि घाई झाली, चकती रेस पार करून एक्सलला लागली, तर? नखाला जाणवेल एवढी चीर. नवं बेअरिंग तिच्यावर बसेलही. पण एक्सल प्रत्येक धक्क्याला थोडा वाकून सरळ होतो, आणि अशा चिरेतून भेग सुरू होते. ती भेग वरून बघणाऱ्याला दिसत नाही, बेअरिंगखाली झाकलेली असते.

रंगांबद्दल गैरसमज खूप आहेत. कापलेली कडा निळी झाली की ‘पाणी उतरलं’ असं सरसकट म्हटलं जातं. निळा रंग सुमारे तीनशे अंशांचा. बेअरिंग किंवा गिअरच्या बाबतीत निळा म्हणजे उशीर झाला, त्यांचं पाणी दोनशे-सव्वादोनशेच्या पिवळसर रंगालाच उतरू लागतं. पाटा मात्र कारखान्यातच चारशेच्या वर तापवलेला, त्याला निळ्याने फरक पडत नाही. त्याचा धोका नेमका उलटा. चकतीच्या खाली कडेचा पातळ थर क्षणभर लालबुंद होतो आणि मागचं थंड पोलाद त्याची उष्णता एकदम ओढून घेतं. म्हणजे त्या थराला नकळत नवं पाणी मिळतं, आणि त्याचा ताठा कुणी उतरवलेला नसतो. अशा कडेच्या पाट्याला घाटात धक्का बसला की तडा तिथून जातो. म्हणून कापलेल्या कडेचा दीड-दोन मिलिमीटर थर फ्लॅप चकतीने, हळू, तापू न देता काढून टाकावा. पाट्याची जोडणी, स्टिअरिंगचे दांडे, बॉल जॉइंट यांच्यावर कापाकापी करून ते पुन्हा वापरूच नयेत, हे माझं ठाम मत आहे. असा सुटा भाग बदलायला खर्च येतो. तो ग्राहकाला समजावून सांगणं हाही मिस्त्रीच्या कामाचा भाग आहे.

मोठा ग्राइंडर की छोटं रोटरी टूल, यावर वाद घालणाऱ्यांनी थोडा हिशेब करावा. शंभर मिलिमीटरची चकती मिनिटाला ११,००० फेरे फिरली की तिच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ५८ मीटर होतो. तीच चकती झिजून साठ मिलिमीटरची झाली की वेग ३५ मीटरवर येतो. कापणं मंदावतं, मिस्त्री जोर लावतो, आणि जोर लावला की उष्णता वाढते. रोटरी टूलची चोवीस मिलिमीटरची चकती ३०,००० फेऱ्यांना जेमतेम ३८ मीटर गाठते. म्हणजे ती बारीक आहे म्हणून दुबळी नाही, तिला फक्त वेळ लागतो. मोडलेल्या स्क्रूच्या डोक्यावर खाच पाडायची, जाम सर्क्लिप तोडायची, गिअरबॉक्सच्या आत एखादा कॉलर उघडायचा, तिथे मोठ्या यंत्राचा उपयोग नाही. पण रोटरी टूलची जाळी नसलेली चकती बिस्किटासारखी मोडते. हात तिरका झाला की तुकडे गालावर. अशा चकत्या भराभर मोडणाऱ्याने यंत्राला दोष देण्याआधी मनगट कुठे टेकवलंय ते बघावं.

चकतीच्या निवडीत एक नियम नव्या माणसाला उलटा वाटतो : माल जितका कडक, चकतीची बांधणी तितकी मऊ हवी. कडक मालावर कण लवकर बोथट होतात. मऊ बांधणी ते सोडून देते आणि खालचे ताजे कण वर येतात. कडक बांधणीची स्वस्त चकती झिजत नाही म्हणून चांगली वाटते. प्रत्यक्षात ती चकाकते आणि नुसती घासते. टाइल्ससाठी आणलेली हिऱ्याची चकती पोलादावर चालवण्याचाही मोह होतो. हिरा म्हणजे कार्बन, आणि तापलेलं लोखंड कार्बन शोषून घेतं, त्यामुळे हिरा वाया जातो. १९५७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या रॉबर्ट वेंटॉर्फने क्युबिक बोरॉन नायट्राइड बनवलं, ते कडक पोलादासाठी हिऱ्याची जागा घेतं. किंमत मात्र गॅरेजला परवडणारी नाही.

आमच्या भागात आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे पाऊस. रेझिनची चकती दमट हवेत ओल धरते आणि कमजोर होते. तिच्या मधल्या धातूच्या कडीवर मुदत छापलेली असते. साधारण तीन वर्षांची मुदत चकती कोरड्या जागी ठेवली आहे असं धरून दिलेली असते. जून ते सप्टेंबर पत्र्याच्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेल्या चकतीला ती लागू नाही. चांगल्या चकतीच्या कडेला सेकंदाला ८० मीटरपर्यंत वेग सोसण्याची हमी असते, म्हणजे ताशी २८८ किलोमीटर. त्या वेगाने निघालेल्या तुकड्यापुढे चेहरा उघडा ठेवायचा नाही आणि गार्ड काढायचा नाही. गार्ड काढून ठेवलेला ग्राइंडर आपल्याकडे इतका सर्रास दिसतो की गार्डही यंत्राचाच भाग आहे हे विसरायला झालंय. दाबलेली स्प्रिंग, गॅस भरलेला शॉक अॅब्सॉर्बर, एअरबॅग आणि डिझेलची टाकी यांच्या जवळ ठिणगी नेण्याचा तर प्रश्नच नाही.

मग हे पुस्तक आत्ताच का? कारण गाड्या बदलल्या आहेत. गरम असताना दाबून तिथल्या तिथे पाणी दिलेलं बोरॉन पोलाद १९८४ मध्ये साबच्या ९००० मॉडेलमध्ये पहिल्यांदा आलं. त्याची ताकद १५०० मेगापास्कलच्या घरात असते. भारतात २०१७ पासून नव्या मॉडेलांना समोरून आणि बाजूने धडकेच्या चाचण्या लागू झाल्या, २०२३ मध्ये भारत एनकॅप हे सुरक्षा-मानांकन आलं, आणि असं पोलाद आता मध्यम किमतीच्या गाड्यांच्या खांबांत दिसतं. प्रवाशाच्या दृष्टीने हे फार चांगलं. पण अशा खांबावर जुन्या सवयीने गॅस कटर किंवा ग्राइंडर लावून डेंटिंग केलं की जीव वाचवणारा कडकपणाच जातो, आणि वरून रंग मारल्यावर कुणाला कळतही नाही. २०२१ च्या वाहन मोडीत काढण्याच्या धोरणामुळे जुन्या गाड्यांचे सुटे भागही पुढे वाढत्या संख्येने बाहेर येतील, लोहाराकडे आणि गॅरेजकडे. दुसऱ्या बाजूला बॅटरीवरचा स्वस्त ग्राइंडर कुणाही पोराच्या हाती आला आहे. वीज कमी दाबाची असलेल्या वाडीवर तो खरोखर उपकारक आहे. त्याच्याबरोबर कुणी उस्ताद मात्र येत नाही.

ती उणीव थोडी भरून काढण्याचा हा प्रयत्न आहे. चार परंपरांतल्या माणसांचं हातातलं ज्ञान एका ठिकाणी, कारणांसकट, आपल्या भाषेत मांडायचं ठरवलं. पोलाद ओळखण्यासाठी प्रयोगशाळा गृहीत धरलेली नाही. कानस घसरते की चावते, ठिणगी कशी फुलते, तुटलेल्या तोंडाचा दाणा कसा आहे, एवढ्यावर पुष्कळ कळतं, आणि तेवढंच सविस्तर दिलं आहे. धातुशास्त्राची समीकरणं टाळली आहेत, तापमानं टाळलेली नाहीत. विशिष्ट कंपनीच्या यंत्राची शिफारस कुठेही नाही. अपघातात अडकलेल्या माणसाला गाडी कापून बाहेर काढण्याचं प्रकरणही मुद्दाम घेतलेलं नाही. ते काम हायड्रॉलिक कटर असलेल्या आणि त्याचं शिक्षण घेतलेल्या पथकाचं आहे. घाटात मदतीला धावणाऱ्याने ग्राइंडर घेऊन सांडलेल्या इंधनाजवळ जाऊ नये.

आयटीआयचा विद्यार्थी, गॅरेजचा मिस्त्री, गावचा लोहार आणि घरी हौसेने काम करणारा माणूस असे चार वाचक डोळ्यांसमोर आहेत. प्रकरणं कुठूनही वाचावीत. मात्र चकती आणि गार्डवरचं प्रकरण आधी वाचावं, आणि पहिला सराव मोडीतल्या बेअरिंगवर करावा. एकच रेस दोनदा कापून पाहावी : एकदा दाबून, एकदा थांबत थांबत. मग दोन्ही चरांच्या कडांवर कानस फिरवावी. एकीकडे ती चावेल, दुसरीकडे घसरेल.